आमच्या घरीं चोरण्यासारखें काय आहे?

केजसारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरानें घरगुती संगणकाच्या सुरक्षिततेविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. येईल तर येवो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहें. संगणकाला प्रथम हात लावला तो चाळिशी उलटल्यावर, आणि तोही हौसेनें नव्हे. २००१ सालीं एम्.एस्.-सी.आय्.टी. नांवाचा अभ्यासक्रम आपल्या राज्यांत सुरू झाला व पुढें तो आम्हां नोकरदारांना सक्तीचा झाला, म्हणून. त्या वर्गांत माझ्या शेजारीं माझाच एक जुना विद्यार्थी बसत असे. माऊस कसा धरावा हें मला त्यानेंच शिकविलें. तेव्हां या यंत्राच्या पोटांत काय चालतें, हें मी अधिकारवाणीनें सांगूं शकणार नाहीं. परंतु त्याच्या बाबतींत निष्काळजी राहिलें असतां काय घडतें, हें सांगण्याचा अधिकार मात्र मीं किंमत मोजून मिळविला आहे. ती किंमत माझ्या एकट्याच्याच खिशांतून गेली नाहीं, ही माझी खरी बोचणी आहे.

हा विषय कोणापाशीं काढला कीं, बहुधा एकच उत्तर मिळतें. "गुरुजी, आमच्या घरीं चोरण्यासारखें आहे तरी काय? मुलीच्या लग्नाचे फोटो, मुलांचे शाळेचे प्रकल्प, सातबाऱ्याचा उतारा आणि चार जुनीं गाणीं. चोर आलाच तर बिचारा रिकाम्या हातांनीं परत जाईल!" हें ऐकून मी हंसत नाहीं, कारण मीही पुष्कळ वर्षें हेंच म्हणत आलों. परमुलखांतील एखाद्या भामट्यानें मुंबई-पुण्याचे धनिक सोडून मांजरेच्या खोऱ्यांतील एका पेन्शनरावर नजर ठेवावी, इतका मी मोठा थोडाच आहें, असें मला वाटे.

कांहीं वर्षांपूर्वींची, हुरड्याच्या दिवसांतली गोष्ट. माझ्या ई-मेलच्या पेटींत एक पत्र आलें. 'आपली पेटी भरली आहे. चोवीस तासांत खालीं दाखविलेल्या ठिकाणीं पुन्हां नोंद न केल्यास ती बंद होईल,' असा त्यांत मजकूर होता. वर कंपनीचें चिन्ह होतें, भाषा अदबीची होती. सारा जन्म मुलांना 'पत्ता नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्या मीं त्या पत्राचा पत्ता वाचला नाहीं. समोर आलेल्या चौकटींत परवलीचा शब्द, ज्याला सर्वजण पासवर्ड म्हणतात तो, टंकून दिला. हा शब्द म्हणजे माझ्या नातवाचें नांव आणि त्यापुढें त्याचें जन्मवर्ष. वीजबिलाला तोच शब्द, रेल्वेच्या तिकिटाला तोच, पेन्शनच्या कामालाही तोच. घरभर कुलुपें, आणि किल्ली एक!

आठ दिवस कांहीं झालें नाहीं. नंतर एका रविवारीं सकाळीं माझ्या नांवानें माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रें गेलीं. 'मी पुण्यास रुग्णालयांत आहें. फोनवर बोलतां येत नाहीं. पैशांची तांतडीची गरज आहे; जमेल तेवढे सोबतच्या क्रमांकावर पाठव. घरीं कळवूं नकोस, मंडळी घाबरतील.' लिहिणाऱ्यानें माझीं जुनीं पत्रें चांगलीं वाचलेलीं दिसलीं. मी विद्यार्थ्यांना 'चिरंजीव' असें लिहितों व शेवटीं 'तुझा गुरुजी' अशी सही करतों. तेंही त्यानें सोडलें नव्हतें. तिघांनीं पैसे पाठविले. त्यांपैकीं एक मुलगी सोलापुरास परिचारिका आहे. महिनाअखेर असूनही तिनें बारा हजार रुपये पाठविले, आणि संध्याकाळीं राहवेना म्हणून फोन केला: "गुरुजी, आतां बरें वाटतें ना?" मी त्या वेळीं एका स्नेह्याच्या शेतांत आगटीजवळ बसून हुरडा खात होतों.

तिघांचे मिळून एकतीस हजार रुपये गेले. यापुढचा माझा मूर्खपणा पहिल्याहून मोठा. अशा वेळीं १९३० या क्रमांकावर फोन करावयाचा असतो, हें मला ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक असतें तरी मीं केला असता कीं नाहीं कोण जाणे, कारण लाज आड येत होती. गांवांत काय म्हणतील, शाळेंत काय म्हणतील, या विचारांत दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशीं पोलीस ठाण्यावर गेलों. तेथील तरुण अंमलदारानें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "गुरुजी, त्याच संध्याकाळीं फोन केला असता, तर कदाचित् रक्कम वाटेंतच अडवितां आली असती." त्या क्रमांकावर तक्रार नोंदली म्हणजे ती ताबडतोब बँकांकडे जाते, आणि पैसा या खात्यांतून त्या खात्यांत फिरत असतांना, कोणी तो काढून घेण्यापूर्वीं, गोठवितां येतो. पण पैशाला पाय फुटण्यास फार वेळ लागत नाहीं. तेथें घटकांचा हिशेब असतो, आणि मीं दिवस घालविले होते.

माझ्या संगणकांतलें त्यानें कांहींएक नेलें नाहीं. लग्नाचे फोटो जागच्या जागीं होते. त्यानें उचललें तें माझें नांव, आणि त्या नांवावर माझ्या मुलांचा जो विश्वास होता तो वापरून घेतला. 'आमच्या घरीं काय आहे' असें म्हणणाऱ्या गृहस्थाच्या ध्यानांत ही वस्तु येत नाहीं, कारण ती कपाटांत दिसत नाहीं.

ई-मेलची पेटी ही या सर्व व्यवहारांत किती नाजूक जागा आहे, हेंही मला नंतर उमगलें. आपण एखाद्या ठिकाणचा पासवर्ड विसरलों, तर 'विसरलों' असें कळवितों, आणि नवा शब्द ठरविण्याची चिठ्ठी येते कोठें? बहुधा त्याच पेटींत. म्हणजे ती पेटी ज्याच्या हातीं, त्याला इतर कित्येक कुलुपांच्या किल्ल्या नव्यानें पाडून घेतां येतात. बँकेचा पासवर्ड लोक जिवापाड जपतात आणि ई-मेलचा शेजारच्या पोराला सांगून ठेवतात. मला विचाराल तर निदान या दोहोंची काळजी सारखीच घ्यावी.

माझ्या प्रकरणांत चोराला निदान माझ्या ओळखीचा उपयोग होता. परंतु ज्याची ओळखही नको आणि पैसाही नको, अशा माणसाच्या घरींही चोराचें काम असतें. २०१६ सालीं 'मिराई' नांवाचा एक उपद्रव जगभर पसरला. तो संगणकांतदेखील शिरत नव्हता. घराघरांत इंटरनेटसाठीं जी लहानशी पेटी असते ती, आणि दारावर लावलेले कॅमेरे, यांच्या तो शोधांत असे. हीं यंत्रें कारखान्यांतून येतात तेव्हां त्यांना एक ठराविक नांव व ठराविक पासवर्ड दिलेला असतो, आणि घरोघरीं तो तसाच राहतो. असे सुमारे साठ ठराविक जोड पाठ करून हा प्रोग्रॅम दारोदार फिरे, आणि जेथें दार उघडेल तेथें ठाण मांडी. घरच्या माणसाला कांहीं कळत नसे. कॅमेरा चालू, इंटरनेट चालू. पण धन्याचा हुकूम आला कीं, हीं लक्षावधि गरीब यंत्रें एकाच ठिकाणीं एकदम मागण्यांचा भडिमार करीत. २१ ऑक्टोबर १९१६ नव्हे, २०१६ (माझी जीभ अजून जुन्याच शतकांत वळते!) रोजीं अमेरिकेंतील डाइन या कंपनीवर असा भडिमार झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं मोठमोठीं ठिकाणें कित्येक तास धड उघडेनात. ज्यांनीं हा प्रोग्रॅम रचला ते कोणी कसलेले दरोडेखोर नव्हते. विशीच्या आसपासचे तिघे तरुण होते, आणि २०१७ च्या डिसेंबरांत त्यांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केल्याचें प्रसिद्ध झालें.

आमच्या लहानपणीं वाड्यांत एकच आड असे. एका बिऱ्हाडानें घाणेरडी घागर सोडली तर पाणी सगळ्यांचेंच नासे, आणि 'घागर माझी आहे, मी वाटेल तशी ठेवीन' हें उत्तर कोणी ऐकून घेत नसे. घरची ती इंटरनेटची पेटी मला या घागरीसारखी वाटते. ती बसवून देणाऱ्या कारागिराला, जाण्यापूर्वीं, 'बाबा रे, हिचा कारखान्याचा पासवर्ड बदलून दे' एवढें सांगावें. त्याला पांच मिनिटें लागतात. तो टाळाटाळ करतो. तरी सोडूं नये.

आतां थोडी मागची हकीकत. ज्याला संगणकाचा व्हायरस म्हणतात, त्याच्या आरंभीच्या प्रसिद्ध नमुन्यांपैकीं एक १९८६ सालीं लाहोर येथें दोघां भावांनीं तयार केला. आपला प्रोग्रॅम लोक फुकट उतरवून घेतात, म्हणून त्यांनीं तो रचला होता. आणि गंमत अशी कीं, त्यांत त्यांनीं स्वतःचीं नांवें, पत्ता व दूरध्वनीचा क्रमांकही घातला होता. इकडे महाराष्ट्रांतही दोन भाऊच या कथेंत येतात, पण दुसऱ्या बाजूनें. सातारा जिल्ह्यांतील कैलास काटकर यांनीं दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचें काम धरलें. पुढें ते संगणक दुरुस्त करूं लागले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत त्यांना पुनःपुन्हां हाच रोग दिसूं लागला, तेव्हां त्यांचे धाकटे बंधु संजय, जे संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनीं त्यावर उतारा तयार केला. १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' या नांवानें तो बाजारांत आला. या गोष्टींतलें मला आवडतें तें हें, कीं संगणकाची सुरक्षितता ही आपल्याकडे पंडितांच्या परिषदेंत जन्मली नाहीं; ती पुण्यांतल्या एका दुरुस्तीच्या दुकानांत, सामान्य गिऱ्हाइकांच्या बिघडलेल्या यंत्रांतून वर आली.

मात्र असला प्रोग्रॅम विकत घेऊन यंत्रांत घातला कीं झालें, ही समजूत खोटी. २०१७ सालचें उदाहरण घ्या. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोजमधील एक भोंक बुजविणारी दुरुस्ती, जिला हल्लींचीं मुलें अपडेट म्हणतात ती, फुकट देऊं केली. जवळजवळ दोन महिन्यांनीं, १२ मे रोजीं, वॉनाक्राय नांवाचा उपद्रव त्याच भोंकांतून शिरला. दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्यानें पछाडले. कागदपत्रांना अशीं कुलुपें घातलीं कीं, तीन-तीनशे डॉलर्स खंडणी दिल्यावांचून तीं उघडूं नयेत. इंग्लंडांत रुग्णालयांचीं कामें अडलीं. ज्यांनीं ती दुरुस्ती वेळींच करून घेतली होती, त्यांच्या यंत्रांत त्या वाटेनें त्याला शिरतां आलें नाहीं. पुढच्याच महिन्यांत, २७ जूनला, त्याच भोंकाचा फायदा घेणारा दुसरा उपद्रव निघाला, आणि त्याची झळ आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोंचली. मर्स्क समूहाकडे असलेल्या धक्क्याचें काम ठप्प झालें व पेट्यांनीं लादलेल्या गाड्या खोळंबल्या. युक्रेनांत हा दुसरा उपद्रव एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या दुरुस्तीबरोबरच पसरला होता. औषधाच्या बाटलींतूनच विष आलें, हें मी लपवीत नाहीं. पण एकदां बाटलींत विष निघालें म्हणून सारीं औषधें कोणी नदींत फेंकून देत नाहीं.

आमच्याकडे या बाबतींत एक निराळीच रीत आहे. नवा संगणक घेतांना गिऱ्हाईक घासाघीस करतें, आणि दुकानदार विंडोजची चोरटी प्रत घालून देतो. 'अपडेट बंद करून ठेवलें आहे, चालू करूं नका,' असें वर बजावतो. आपणही मान डोलावतों. ज्या घरांत पितळी कुलूप निवडावयास अर्धा तास घालवितात, त्याच घरांत हा सौदा होतो! चोरीच्या प्रतींत आणखी काय कोंबलेलें आहे, हें दुकानदारालाही ठाऊक नसतें. विंडोज १० या आवृत्तीचा नेहमींचा आधार कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. ज्यांच्या घरीं ती आहे, त्यांनीं एखाद्या जाणत्या माणसाला विचारून पुढची तजवीज करावी. यंत्र चालतें आहे एवढ्यावरून तें निरोगी आहे, असें समजूं नये.

'पण आमचा पैसा बँकेंत आहे, आणि बँक समर्थ आहे,' असें कोणी म्हणेल. बँकाही फसतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत पुष्कळांना आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, दोन-अडीच तासांत, अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं सुमारे ७८ कोटि रुपये काढले गेले. बँकेच्या व्यवस्थेंत शिरून चोरांनीं खोटा होकार देणारी योजना बसविली होती. दोन दिवसांनीं आणखी सुमारे चौदा कोटि हाँगकाँगकडे वळविले, आणि एकूण आंकडा ९४ कोटींवर गेला. आपल्या कोल्हापुरांतल्या यंत्रांतूनही त्या दिवशीं पैसे निघाले. पण त्या प्रकरणांत खातेदारांच्या खात्यांतील पैसा गेला नाहीं. तोटा बँकेनें सोसला. आतां याच्याशेजारीं रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलेला नियम ठेवून पहा. चूक बँकेचीही नाहीं व ग्राहकाचीही नाहीं, तिसऱ्याच कोणीं डल्ला मारला, आणि ग्राहकानें कामाच्या तीन दिवसांत कळविलें, तर त्याची जबाबदारी शून्य. परंतु ग्राहकानें स्वतः आपला गुप्त शब्द दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याचा त्यानेंच भोगावयाचा. ओटीपी सांगूं नका म्हणून बँका ओरडतात, त्यामागें हा हिशेब आहे.

या विषयावर भीति विकणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना कंटाळून कित्येकजण मुळींच लक्ष देत नाहींत. त्यांचा कंटाळा मला समजतो. दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यांत एक चिन्ह घाला, एक आंकडा घाला, तो कोठेंही लिहूं नका, असें आम्हांला कधीं काळीं शिकविलें. इतकीं पथ्यें सांगितलीं कीं रोगी वैद्यालाच सोडतो. अमेरिकेंतील सरकारी मानक-संस्थेनें २०१७ सालीं ठराविक मुदतीनें पासवर्ड बदलावयास लावण्याचा आग्रह सोडून दिला. कारण माणसें मग 'राम१' चें 'राम२' करतात, दुसरें कांहीं नाहीं. लांब शब्द, आणि प्रत्येक ठिकाणीं निराळा, हें अधिक कामाचें. मग ते लक्षांत कसे ठेवावयाचे? मीं सरळ एक दोनशेपानी वही केली आहे. तींत सारे शब्द लिहितों, आणि ती वही देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असते. नातू हंसतो. मी त्याला म्हणतों, परदेशांतील चोराला माझा देव्हारा दिसत नाहीं, आणि केजचा चोर घरांत शिरला तर तो वही वाचीत बसणार नाहीं. ज्यांच्या घरीं माणसांची ये-जा फार, त्यांनीं अर्थात् दुसरी सोय पहावी. ई-मेलला दुसरी कडीही लावून घेतली आहे, म्हणजे पासवर्ड देऊनही फोनवर खूण पटल्याखेरीज दार उघडत नाहीं. ही कडी पूर्वीं असती, तर माझा चोर बहुधा उंबऱ्यावरच अडला असता. शाळेच्या जुन्या इतिहासाचें माझें टिपण चालू आहे, त्याची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेतों, आणि ती डिस्क काम झाल्यावर यंत्रापासून काढून ठेवतों. जोडलेली राहिली तर एकाच खंडणीखोराच्या हातीं दोन्ही प्रती लागावयाच्या. या साऱ्याला मला आठवड्याची वीस मिनिटें लागतात, आणि ती डिस्क सोडली तर पैसा एकही लागलेला नाहीं.

राहिली ती फोनवरून पोलीस बनून धमकावणाऱ्यांची गोष्ट. 'डिजिटल अरेस्ट' नांवाची अटक आपल्या कायद्यांत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनींही रेडिओवरून हें सांगितलें. तरी सुशिक्षित, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेलीं माणसें त्यांत सांपडतात. माझ्या अनुभवावरून मला त्यांचें नवल वाटत नाहीं. चोर यंत्राला फसवितो तेव्हां त्याला विद्या लागते. माणसाला फसवावयास घाई पुरते. मला 'चोवीस तासांत' असें लिहिलें होतें, आणि माझ्या विद्यार्थिनीला 'तांतडीनें'.

त्या तिघांपैकीं दोघांचे पैसे मीं पेन्शनमधून फेडले. सोलापूरची मुलगी घेत नाहीं. "मीं तुम्हांलाच पाठविले होते, गुरुजी," असें म्हणते, आणि विषय बदलते. मागच्या महिन्यांत माझ्या एका आप्ताला सोलापुरास दाखवावयाचें होतें, म्हणून मीं तिला खरोखरच एक संदेश पाठविला: कोणत्या डॉक्टरांकडे न्यावें, कळव. दोन तास उत्तर नाहीं. मग तिचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिनें पहिला प्रश्न केला, "गुरुजी, चौथींत असतांना तुम्हीं मला कोणत्या गणिताला उभें केलें होतें?" मला क्षणभर राग आला. तें गणित मला कांहीं केल्या आठवेना. शेवटीं मीं घरांतून मंडळींना बोलावून फोन त्यांच्या हातीं दिला, त्यांच्याशीं बोलून तिची खात्री पटली, आणि मग तिनें डॉक्टरांचें नांव सांगितलें.